दिवा लुकलुकतोय, मग नेट का नाही?

पुण्यात मंडईच्या आजूबाजूच्या पेठांमध्ये माळ्यावर चढवलेले संगणक किती असतील, देव जाणे. दुकानाचा हिशेब मोबाइलवर आला, मुलं लॅपटॉप घेऊन हिंजवडीला गेली आणि वीस वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला डेस्कटॉप जुन्या चादरीत गुंडाळून वर गेला. तो खाली उतरतो बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. घरातलं कॉलेजला जाणारं कुणीतरी पेन ड्राइव्हवरून त्यावर लिनक्स चढवतं. पडदा उजळतो, माउस पळतो, स्पीकर वाजतो, मराठी अक्षरंसुद्धा नीट दिसतात. फक्त ब्राउझर म्हणतो, इंटरनेट नाही. मागे वाकून पाहावं तर केबल घट्ट बसलेली, आणि तिच्या शेजारचा हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय.

अशा वेळी घरात दोन निकाल लागतात. ‘कार्ड गेलं’ हा पहिला आणि ‘लिनक्सचं हे असंच असतं’ हा दुसरा. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. केबलपासून ब्राउझरपर्यंत पाच-सहा कड्यांची साखळी असते, त्यातली एखादी निसटलेली असते. कोणती, ते संगणक स्वतःच सांगायला तयार असतो. त्याला कोणत्या क्रमाने विचारायचं एवढं माहीत हवं.

दिव्याचं ऐकू नका

आधी त्या हिरव्या दिव्याचा गैरसमज दूर करू. तो पेटला म्हणजे लिनक्सला कार्ड समजलं, असं नाही. नेटवर्क कार्डावर केबलच्या टोकाशी एक छोटा विभाग असतो. केबलमधून विजेचे स्पंद पाठवायचे, पलीकडच्या राउटरचे स्पंद ऐकायचे आणि ‘तुला किती वेग झेपतो, मला किती झेपतो’ हे आपसात ठरवून घ्यायचं, हे काम तो विभाग करतो. बहुतेक कार्डांत त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची गरज लागत नाही, वीज मिळाली की पुरतं. म्हणून काही संगणक बंद असतानाही मागचा दिवा चालू दिसतो.

म्हणजे दिवा फक्त केबलबद्दल बोलतो. तो पेटला असेल तर केबल, राउटरचं पोर्ट आणि कार्डाचा तो कोपरा ठीक आहे. ही चांगली बातमी आहे, पण अर्धीच.

डब्यावरचं नाव आणि चिपचं नाव

आता कार्डाची ओळख. दुकानदार सांगतो ते कंपनीचं नाव आणि डब्यावर छापलेलं नाव विसरून जा. लिनक्सला त्यांच्याशी देणंघेणं नाही. २००० सालाच्या आसपास बाजारात पन्नास नावांनी कार्डं विकली जात होती, पण आतली चिप मोजक्याच कंपन्यांची असे. उलटही होत असे. डी-लिंकचं ‘डीएफई-५३०टीएक्स’ आणि ‘डीएफई-५३०टीएक्स+’ या दोन कार्डांच्या नावांत फरक एका अधिकच्या चिन्हाचा. पहिल्यात व्हीआयएची ऱ्हाइन चिप होती आणि दुसऱ्यात रिअलटेकची. दोघांचे ड्रायव्हर वेगळे. नावावरून इंटरनेटवर उत्तर शोधणारा माणूस इथेच वाट चुकतो.

खरी ओळख असते आकड्यांत. साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पीसीआय नावाचे स्लॉट आले आणि त्यांच्याबरोबर एक शिस्त आली: प्रत्येक कार्डाने विचारल्यावर दोन क्रमांक सांगायचे. पहिला चिप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. हे क्रमांक सोळाच्या पद्धतीत लिहितात. तिच्यात ० ते ९ नंतर ए ते एफ ही अक्षरंही अंक म्हणून चालतात. रिअलटेकचा कंपनी-क्रमांक १०ईसी, थ्रीकॉमचा १०बी७, ब्रॉडकॉमचा १४ई४. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, कारण तेच तिच्या सर्वांत गाजलेल्या प्रोसेसरचं नाव होतं. इंजिनिअर लोकांची गंमत अशी असते.

हे क्रमांक वाचायला लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा द्यायची. (या लेखातल्या सगळ्या आज्ञा टाइप करताना छोट्या रोमन अक्षरांत लिहायच्या.) मदरबोर्डवर जे जे आहे त्याची यादी समोर येते. त्यात ‘इथरनेट कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. शेवटी चौकोनी कंसात दोन क्रमांक असतील. माळ्यावरच्या पुणेरी संगणकात ‘१०ईसी:८१३९’ दिसण्याची शक्यता दांडगी आहे. रिअलटेकची ही ८१३९ चिप इतकी स्वस्त होती की जगभर ती ज्यात त्यात बसवली गेली.

ओळच दिसत नसेल, तर प्रश्न लिनक्सच्या अखत्यारीत येतच नाही. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. पोर्ट मदरबोर्डवरच असेल तर बायॉसमध्ये कुणीतरी ते बंद करून ठेवलंय का, ते पाहा.

रुमालाखालची बोटं

क्रमांक मिळाला. त्याचा लिनक्सला उपयोग काय?

बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो, हे वाचकांनी पाहिलं नसलं तरी ऐकलेलं असेल. दलाल समोरच्याचा हात रुमालाखाली धरतो, बोटं दाबतो, आणि एक शब्द न बोलता भाव ठरतो. ती बोटांची भाषा न येणारा माणूस कितीही श्रीमंत असला तरी तिथे सौदा करू शकत नाही. ड्रायव्हर हा असा दलाल आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला फक्त ‘हे पॅकेट बाहेर पाठव’ एवढंच सांगतो. पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा. इथरनेटवर एका तुकड्यात सहसा जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर मावतो. ते पाठवण्यासाठी या विशिष्ट चिपच्या कोणत्या खणात कोणता आकडा लिहायचा आणि कोणत्या खणातून उत्तर वाचायचं, हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक असतं. रिअलटेकच्या चिपची बोटं वेगळी, इंटेलच्या चिपची वेगळी.

योग्य दलाल कसा सापडतो, ते समजलं की निम्मी भीती जाते. प्रत्येक ड्रायव्हरच्या आत, तो कोणकोणत्या क्रमांकांची कार्डं सांभाळतो याची यादी लिहिलेली असते. या सगळ्या याद्या एकत्र करून एक मोठी फाइल तयार होते, ‘मॉड्यूल्स.एलियास’ नावाची. संगणक सुरू होताना कर्नल प्रत्येक स्लॉटकडून दोन क्रमांक घेतो आणि ‘असं असं कार्ड सापडलं’ अशी वर्दी देतो. ‘यूडेव्ह’ नावाचा कारभारी ती वर्दी ऐकतो, त्या फाइलीत जोडी शोधतो आणि सापडलेला ड्रायव्हर मेमरीत चढवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून लिनक्सवर जुन्या कार्डासाठी सीडी शोधावी लागत नाही. ड्रायव्हर आधीच घरात असतो.

आता ८१३९ची एक खोड सांगायलाच हवी, कारण तिने भल्याभल्यांना घाबरवलंय. या एकाच क्रमांकाखाली दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या: साधी ८१३९ आणि सुधारलेली ‘८१३९सी+’. लिनक्समध्ये दोघींसाठी दोन ड्रायव्हर आहेत, ‘८१३९टू’ आणि ‘८१३९सीपी’. क्रमांक एकच असल्यामुळे दोघंही हजर होतात. सुधारित चिपचा ड्रायव्हर पुढे येतो, चिपची आवृत्ती तपासतो, ‘ही माझी नव्हे, दुसऱ्याला बोलवा’ अशी नोंद करतो आणि बाजूला होतो. कर्नलच्या डायरीत, म्हणजे ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी), ही ओळ वाचली की वाटतं, कार्ड नाकारलं! तसं काही नसतं. दोन ओळी खाली दुसऱ्याने काम हाती घेतल्याची नोंद असते. नोंदी शेवटपर्यंत वाचाव्यात.

या चिपच्या स्वस्ताईची किंमत कुणी मोजली, तेही गमतीचं आहे. चांगल्या कार्डाला सांगता येतं की ‘पॅकेटचा हा भाग मेमरीत इथे आहे, तो तिथे आहे, तुझं तू उचल.’ ८१३९ला ते जमत नाही. तिला पाठवायचं पॅकेट सलग, ठराविक जागी आणून ठेवावं लागतं, आणि आलेली पॅकेटं ती एकाच सलग पट्टीत एकामागोमाग लिहीत जाते. परिणामी प्रत्येक पॅकेटची एक जादा नक्कल प्रोसेसरला करावी लागते. फ्रीबीएसडी या लिनक्सच्या चुलतभावासाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी तर कोडमध्येच टिपण लिहून या काटकसरीवर यथेच्छ तोंडसुख घेतलंय. पेंटियम थ्रीच्या काळात हा भार जाणवायचा. आज घरात मेल आणि बातम्या वाचायला त्याने काही अडत नाही. माझं मत विचाराल तर ८१३९ हे जुन्या संगणकातलं सर्वांत बिनघोर कार्ड आहे: बुद्धी बेताची, पण तिच्या सगळ्या खोडी जगाला माहीत.

ड्रायव्हर आले कुठून

कंपन्यांनी त्या काळी विंडोजसाठी ड्रायव्हर दिले, लिनक्ससाठी क्वचितच. मग हे लिहिले कुणी? सुरुवातीच्या इथरनेट ड्रायव्हरांत एक नाव वारंवार भेटतं: डोनाल्ड बेकर. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी ‘बेओवुल्फ’ नावाचा प्रयोग केला. महागडा महासंगणक विकत घेण्याऐवजी बाजारात मिळणारे साधे १६ पीसी इथरनेटने एकमेकांना जोडायचे आणि सगळ्यांनी मिळून एकच गणित सोडवायचं. त्या पीसींवर होतं लिनक्स, जे अवघं तीन वर्षांचं होतं. अशा जोडणीचा सगळा दारोमदार नेटवर्क कार्डांवर, म्हणून बेकर यांनी मिळतील त्या स्वस्त कार्डांसाठी ड्रायव्हर लिहिण्याचा सपाटा लावला. ८१३९साठीही त्यांनीच लिहिला. पुढे जेफ गार्झिक यांनी त्यावरून ‘८१३९टू’ घडवला. जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी आणलेल्या डब्यातलं कार्ड आपोआप चालू होतं, त्यामागे हे असं वैज्ञानिक गणितांचं पूर्वसंचित आहे.

पुण्याला हे काम परकं नाही. १९८८ मध्ये इथे सुरू झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला आणि पुढच्या परम यंत्रांसाठी ‘परमनेट’ या नावाने स्वतःची नेटवर्क कार्डं आणि स्विचही तयार केले. कार्ड स्वतःचं असलं की रुमालाखालची भाषाही आपणच ठरवायची आणि ती बोलणारा ड्रायव्हरही आपणच लिहायचा, तयार माल कुठे मिळत नाही.

पीसीआयच्या आधीच्या ‘आयसा’ स्लॉटची कार्डं मात्र वेगळ्या युगातली. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचा क्रमांक सांगता येत नसे. ड्रायव्हरला अंदाजाने ठराविक पत्त्यांवर हाक मारून पाहावी लागे, आणि त्या पत्त्यावर भलतंच कार्ड असेल तर संगणक जागच्या जागी गोठे. म्हणून कार्डाचा पत्ता हाताने सांगायची पद्धत होती. एनई२००० जातीच्या कार्डांना तो बहुधा ‘३००’ असे, सोळाच्या पद्धतीतला. असं कार्ड निघालं तर संग्रहात ठेवा आणि कामासाठी दुसरं घ्या.

चौकट: संगणकाला या क्रमाने विचारा

• कार्ड दिसतंय का? ‘एलएसपीसीआय -एनएन’
• त्याला ड्रायव्हर लागलाय का? ‘एलएसपीसीआय -के’. कार्डाच्या ओळीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव यायला हवं.
• काही तक्रार? ‘डीमेसेज’. फर्मवेअर हा शब्द शोधा.
• पोर्ट चालू आहे का, केबल जाणवते का? ‘आयपी लिंक’. ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर केबल बदला.
• पत्ता मिळाला का? ‘आयपी ॲड्रेस’. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरने दिलेला नाही, संगणकाने स्वतःच घेतलेला.
• राउटरपर्यंत पोचतंय का? ‘पिंग’ आणि पुढे राउटरचा पत्ता. मग ‘पिंग ८.८.८.८’. आकड्याला उत्तर येतं पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, तर बिघाड नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये आहे, कार्ड निर्दोष.

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही

केबलच्या कार्डांची कथा बहुधा एवढ्यावर संपते. वायफायची नाही. जुन्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच वायफाय कार्डांच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, आणि त्याने चालवायचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कार्डावर कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी संगणक सुरू झाला की ड्रायव्हरने तो कार्डात ओतायचा. ड्रायव्हर खुला, कुणीही लिहावा. फर्मवेअर मात्र कंपनीच्या मालकीचं, आणि ते वाटण्याची परवानगी प्रत्येक कंपनी देतेच असं नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी तर लिनक्सवाल्यांनी एक खास प्रोग्राम लिहिला, जो कंपनीच्या दुसऱ्या सिस्टिमसाठीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढतो.

डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ मंडळींनी बंदिस्त फर्मवेअर आपल्या मुख्य सीडीत ठेवायचं नाही, असं बरीच वर्षं पाळलं. तत्त्व बरोबर होतं, पण नवख्याची पंचाईत व्हायची: नेट चालू करायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला नेट. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून फर्मवेअर सीडीतच येऊ लागलं. मला हा बदल पटतो. ब्रॉडकॉमचं ते कापून काढायचं फर्मवेअर मात्र अजूनही वेगळं उतरवावं लागतं.

तोवर नेट हवंच असेल तर खिशातला मोबाइल काढा. तो यूएसबी केबलने जोडून सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की लिनक्सला तो चक्क नेटवर्क कार्ड दिसतो, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. त्यावरून फर्मवेअर उतरवा, मग मोबाइल परत खिशात.

ईटीएच० कुठे गेलं?

जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत पहिल्या कार्डाला ‘ईटीएच०’ म्हटलेलं असतं. आज ते नाव घालून आज्ञा दिली तर ‘असं काही नाही’ असं उत्तर येतं. कारण आधी सापडलेल्या कार्डाला शून्य, नंतरच्याला एक, अशी नावं पूर्वी पडत. दोन कार्डं असली की एखाद्या दिवशी त्यांची अदलाबदल होई. २०१३ पासून सिस्टिमडी या कारभाऱ्याने कार्डाच्या जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली. ‘ईएनपी२एस०’ म्हणजे इथरनेट, दुसऱ्या क्रमांकाची बस, शून्य क्रमांकाचा स्लॉट. जागा बदलली नाही तर नाव बदलत नाही. ‘आयपी लिंक’ने आपल्या कार्डाचं नाव बघायचं आणि पुस्तकातल्या नावाच्या जागी ते घालायचं.

तपकीर गल्लीत कार्ड घेताना

मूळ कार्ड खरंच गेलेलं निघालं, तर मंडईपासून चालत बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जावं. जाण्याआधी डबा उघडून स्लॉट पाहावा. जुना पीसीआय स्लॉट लांब आणि बहुधा पांढरा असतो. नंतरचा पीसीआय एक्स्प्रेस त्याच्या मानाने आखूड. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. कंपन्यांतून निघालेले सडपातळ डेस्कटॉप असतील तर कार्डाची पट्टीही बुटकी लागते. कार्ड हातात घेतल्यावर डब्याकडे न बघता मधल्या काळ्या चिपवरची अक्षरं वाचावीत. पीसीआयसाठी ८१३९, एक्स्प्रेससाठी ८१११ किंवा ८१६८ दिसलं की डोळे मिटून घ्यावं. यूएसबीचं कार्डही चालतं. शंभर मेगाबिटचं कार्ड म्हणून नाक मुरडू नये. त्याला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच लागतात, त्यामुळे ज्या थकल्या केबलवर नवं गिगाबिट कार्ड कुरकुरतं, तिथे हे बिनतक्रार चालतं.

लिनक्स कोणतं, हाही प्रश्न असतो. यंत्र ६४ बिटचं असेल तर वाटेल ते. फक्त ३२ बिटचं असेल तर डेबियनची १२वी आवृत्ती घ्यावी. २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून डेबियनने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

आणि एवढं सगळं जमूनही ब्राउझर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ म्हणत हटून बसला, तर कार्डाला दोष देण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या मदरबोर्डची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसलेलं असतं. प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या मते अजून २००३ साल चालू असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. तारीख हाताने बरोबर लावली की पानं उघडतात, पण वीज गेली की घड्याळ पुन्हा मागे. ती बॅटरी सीआर२०३२ या नावाने तपकीर गल्लीत कुठेही मिळते. कार्डाबरोबरच घेऊन यावी.